पान लागले तर

दिवाळीच्या सुटीत मुंबई-ठाण्याची पुष्कळ मंडळी हल्ली शहापूर आणि मुरबाड तालुक्यांकडे वळतात. कोणाचे तिकडे मूळ गाव असते, कोणी चार-दोन गुंठे जमीन घेऊन तीवर टुमदार घर बांधलेले असते, तर कोणाला माहुलीचे सुळके किंवा गोरखगडाच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या खुणावीत असतात. आसनगावला गाडीतून उतरले, किंवा कल्याणहून माळशेजच्या रस्त्याला लागले, की दुतर्फा भाताची खाचरे दिसू लागतात. ज्या तानसा-भातशाचे पाणी आपण वर्षभर नळाची चावी फिरवून पितो, ती धरणे याच मुलखातली. मुले हरखून जातात, मोठ्यांना भूक लागते आणि वाडीवरच्या उघड्या पडवीत अंथरुणे पसरली जातात.

याच दिवसांत तिकडे कापणी चालू असते. भाताचे भारे बांधावर पडलेले, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, त्यात उंदीर माजलेले. आणि उंदरांच्या मागोमाग त्यांचा शत्रूही आलेला. गावातली माणसे त्याचे नाव तोंडाने घेत नाहीत. 'जनावर' म्हणतात, 'लांबडे' म्हणतात. आणि ते कोणाला चावले, तर 'पान लागले' एवढेच म्हणतात. शहरातून आलेल्या पाहुण्याला या शब्दाचा अर्थ कळेपर्यंत दहा मिनिटे निघून जातात, अन् ती फार मोलाची असतात.

सापांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचे आहे ते त्यांच्या विषावरच्या औषधाविषयी. हे औषध सर्वांच्या ऐकण्यात असते, परंतु त्याचा स्वभाव फार थोड्यांना ठाऊक असतो. 'लस टोचली की झाले' अशी आपली समजूत. वास्तविक ती लस नव्हेच. लस अगोदर टोचतात आणि शरीराला स्वतःची तटबंदी उभारू देतात. सर्पदंशावर जे देतात, ती दुसऱ्याने उभारलेली आयती फौज. आणि तो दुसरा म्हणजे घोडा.

घोड्याला अगदी अल्प मात्रेपासून सुरुवात करून, चढत्या मात्रेने सर्पविष टोचतात. काही आठवड्यांत त्याच्या रक्तात विषाला निकामी करणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. मग त्याचे थोडे रक्त काढून, त्यातून ती प्रतिद्रव्ये वेगळी करून, शुद्ध करून, बहुधा वाळवून पांढऱ्या भुकटीच्या रूपाने कुप्यांत भरतात. आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९०-१९०० या दशकात नागाच्या विषावर असे औषध प्रथम तयार केले. परंतु लवकरच ध्यानात आले, की नागाचे औषध घोणशीला चालत नाही. ज्याचे विष घोड्याला दिले, त्याच्यावरच त्याचे रक्त लागू पडते. म्हणून आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर मिळून एकच औषध करतात. हाफकिन संस्थेचे नाव मुंबईकरांना प्लेगच्या लशीमुळे ठाऊक आहे. वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली आणि १९२५ साली तिला त्यांचे नाव दिले गेले. या संस्थेशी सर्पविषावरच्या औषधाचे नाते अनेक दशकांचे आहे. विष पुरवणाऱ्यांत तामिळनाडूतील इरुळा आदिवासींची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था प्रमुख आहे. साप धरून, विष काढून, त्याला पुन्हा रानात सोडून देणारी ही माणसे. त्यांच्या हातच्या थेंबावर किनवली-टोकावड्याच्या शेतकऱ्याचा जीव तरतो, ही गोष्ट मला तरी नवलाची वाटते.

चार सापांवरचे औषध, म्हणजे पाचव्यावर नव्हे, हेही येथेच सांगून टाकतो. सह्याद्रीच्या झाडीत हिरवा चापडा आढळतो. त्याच्या दंशाने हात टम्म सुजतो, पण या औषधाचा त्यावर भरवसा धरता येत नाही. आणि बिनविषारी सापांवर तर ते मुळीच द्यायचे नसते. का, ते पुढे येईलच.

आता अशी एक रात्र कल्पून पाहा. मुरबाडच्या आतल्या एखाद्या वाडीवर रात्री नऊच्या सुमारास परसात गेलेल्या काकांच्या घोट्याला काहीतरी चावले. पाय सुजू लागला आहे. घरातली चार माणसे गाडीत कोंबून त्यांना सरकारी रुग्णालयात आणतात. ड्यूटीवर तरुण डॉक्टरीणबाई आहेत. त्या नाडी पाहतात, डोळ्यांच्या पापण्या पाहतात, रक्ताचे थोडेसे सँपल काचेच्या नळीत घेतात आणि नळी स्टँडवर ठेवून घड्याळाकडे पाहत उभ्या राहतात. पुतण्याचा संयम सुटतो.

"बाई, वेळ का घालवताय? लस टोचा ना!"

"वीस मिनिटं थांबा, दादा. रक्त गोठतंय का बघू दे."

"अहो, तोवर माणूस जाईल!"

दोष कोणाचाच नाही, पण डॉक्टरीणबाईंचे बरोबर आहे. ही वीस मिनिटांची कसोटी इतकी साधी आहे, की तिच्यापुढे मोठमोठी यंत्रे फिकी पडावीत. नवी, कोरडी, काचेची नळी. तीत नसेतून काढलेले दोन मिलिलिटर रक्त. वीस मिनिटे हलवायचे नाही. मग नळी कलती करायची. निरोगी माणसाचे रक्त दह्यासारखे बसलेले असते. ते पाण्यासारखे वाहिले, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्तातली गोठण्याची शक्तीच खाऊन टाकली आहे असे समजावे. नळी साबणाने धुतलेली चालत नाही, प्लॅस्टिकचीही चालत नाही. दोहोंत रक्त चुकीची साक्ष देते. पहिली कसोटी नीट निघाली म्हणून सोडून देत नाहीत, पुन्हापुन्हा करून पाहतात.

सापाने दात मारला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. विष उतरलेच नसेल आणि औषध मात्र दिले, तर रोग्याच्या वाट्याला औषधाचे दुष्परिणाम तेवढे येतात, फायदा शून्य. आणि हे दुष्परिणाम किरकोळ नाहीत. शेवटी ते घोड्याचे प्रथिन. माणसाचे शरीर त्याला परके मानते आणि कधीकधी त्यावर असे तुटून पडते, की त्या झटापटीतच रोगी दगावायचा. औषध सुरू केल्यावर काही मिनिटांपासून दोन-तीन तासांपर्यंत केव्हाही अंगाला खाज सुटते, गांधी उठतात, मळमळते, खोकल्याची उबळ येते; त्यापुढची पायरी म्हणजे श्वास कोंडणे आणि रक्तदाब एकदम घसरणे. म्हणून या औषधाचा पहिला नियम असा, की शेजारी ॲड्रिनलीनची सिरिंज भरून ठेवल्याखेरीज सलाइन सुरू करायचे नाही. लक्षण दिसले की थेंब थांबवायचे, मांडीच्या स्नायूत ॲड्रिनलीन द्यायचे आणि रोगी सावरला की औषध पुन्हा, जरा सावकाश, चालू करायचे. 'पुन्हा' हा शब्द महत्त्वाचा आहे. पित्त उठले म्हणून औषध कायमचे बंद केले तर विष आपले काम करीतच राहते.

पूर्वी कातडीत एक थेंब टोचून पाहण्याची चाल होती. ती आता सोडून दिली आहे, कारण त्या चाचणीवरून पुढचे काही सांगता येत नाही. उलट वेळ मात्र जातो. श्रीलंकेतील डॉक्टरांनी २०११ साली एक मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. औषध देण्यापूर्वी ॲड्रिनलीनची अगदी लहान मात्रा कातडीखाली दिली, तर गंभीर प्रतिक्रिया बऱ्याच कमी होतात, असे त्यात आढळले. ज्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनावर सगळ्यांचा फार विश्वास, त्याने मात्र तसा काही उपयोग दिसला नाही.

मात्रेविषयी एक गोष्ट आईबापांना ऐकून धक्का बसतो. बहुधा सुरुवातीला आठ ते दहा कुप्या देतात. आणि सहा वर्षांच्या मुलाला चावले असले तरी तेवढ्याच. "एवढ्याशा लेकराला मोठ्यांचा डोस?" असा प्रश्न हमखास येतो. उत्तर सरळ आहे: सापाने विष सोडताना वजन पाहिलेले नसते. औषध विषाच्या मापाने द्यायचे, रोग्याच्या मापाने नव्हे. दुसरे असे, की हे औषध रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडते. झालेली मोडतोड ते दुरुस्त करीत नाही. पायाची जी कातडी काळी पडली ती पडली. मण्यारीने पापण्या मिटवल्या आणि छातीचे स्नायू लुळे केले, तर औषध दिल्यावरही ते लगेच उठून बसत नाहीत. तेव्हा श्वास चालू ठेवण्याचे काम यंत्राने, आणि यंत्र मिळेपर्यंत रबरी पिशवी हाताने दाबून माणसांनी करायचे असते.

मण्यारीविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण शहरी पाहुणा फसतो तो हिच्याच बाबतीत. ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा चावल्याचे कळतही नाही; सूज नाही, आग नाही, खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, घसा आवळल्यासारखा वाटतो, डोळे उघडत नाहीत. घरचे म्हणतात, रात्रीचा फराळ बाधला असेल. आणि ओवा-सोडा देत बसतात. वाडीवर जमिनीवर झोपलेल्या माणसाची पहाटे अशी अवस्था झाली आणि पापण्या जड होऊ लागल्या, तर फराळाला दोष न देता गाडी काढावी. त्याहून सोपे म्हणजे खाट नसेल तर निदान मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचून झोपावे. डासांसाठी केलेली ही सोय सापालाही अडवते.

आता आपल्या घरच्या औषधांच्या डब्याकडे वळू. सर्पदंशाच्या प्रसंगी तोही मध्ये लुडबुड करतो, याची आपल्याला कल्पना नसते.

दुखते म्हणून पहिल्या झटक्यात कोणीतरी अंगदुखीची गोळी देतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन यांपैकी काहीही घोणस-फुरशाच्या दंशात घातक. रक्त आधीच गोठत नसते; या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो आणि घोणशीच्या विषाने आधीच धोक्यात आलेल्या मूत्रपिंडांवर आणखी भार पडतो. दुखण्याला साधी पॅरासिटामॉल पुरे, तीही डॉक्टरांना विचारून. तसेच कमरेत टोचायच्या सुईचे. आपल्याकडे खेड्यात काय नि शहरात काय, सुई टोचल्याखेरीज औषध घेतल्यासारखे वाटत नाही. परंतु न गोठणारे रक्त असताना स्नायूत सुई खुपसली, की तेथे रक्ताची गाठ साचते. म्हणून धनुर्वाताचे इंजेक्शनसुद्धा रक्त गोठू लागेपर्यंत मागे ठेवतात. डॉक्टर ते लगेच देत नाहीत म्हणून रागावू नये.

आणि आजोबांच्या रोजच्या गोळ्या? रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशी औषधे पुष्कळांना चालू असतात. वर ज्या ॲड्रिनलीनचा उल्लेख केला, त्याचा परिणाम या गोळ्या घेणाऱ्यावर नीट होत नाही. जीव वाचवणारे इंजेक्शनच लंगडे पडते. हे डॉक्टरांना आधी ठाऊक असेल तर ते त्याची तयारी ठेवतात. वॉरफरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल, तर काचेच्या नळीतली कसोटीच गोंधळते: रक्त गोठले नाही ते सापामुळे की गोळीमुळे? दम्याचा त्रास असेल, पूर्वी कधी घोड्याच्या रक्तापासून केलेले औषध घेतले असेल, तर तेही सांगावे. घाबरलेल्या घोळक्यात यातले काहीच आठवत नाही. "बाबा ती छोटी गुलाबी गोळी घेतात" यावरून कोणत्याही डॉक्टरला बोध होत नाही. आणि त्या रात्री मोबाईलला रेंज असेलच असे नाही. कागदावर औषधांची नावे आणि मात्रा लिहून ती चिठ्ठी पाकिटात ठेवायला पाच मिनिटे लागतात. आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी तिला 'कुंडली' असे नाव दिले आहे. चेष्टेने का होईना, पण ती जवळ बाळगतात.

विंचवाचे प्रकरण निराळे आणि त्याची कथा आपल्या कोकणातलीच. इंगळी मोठी, काळी, दिसायला भयंकर. पण प्राणघातक तो चिमुकला लाल विंचू. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रावर १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हा या विंचवाने तरणीताठी माणसे आणि मुले मरत. घामाने चिंब, हातपाय बर्फासारखे गार, मग फुप्फुसात पाणी होऊन श्वास बंद. बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी बसून हे नोंदवले. १९८२ साली त्यांचा लेख 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात आला. विंचवाच्या विषाने शरीरातलेच ॲड्रिनलीनसारखे रस उसळून रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय दमते, हे ध्यानात घेऊन त्यांनी रक्तदाबावरची एक गोळी वापरून पाहिली: प्राझोसिन. १९८६ साली तिचा वृत्तांत त्याच नियतकालिकात छापून आला. जेथे पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत, तेथे हे प्रमाण एकावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परदेशी मासिकांत छापून येण्याजोगे संशोधन तालुक्याच्याही खाली बसून करता येते, याचा एवढा चांगला दाखला माझ्या माहितीत दुसरा नाही.

पण ही गोळीसुद्धा अंगावर काढून घेण्याजोगी नव्हे. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब उतरतो. माणूस उठून उभा राहिला की चक्कर येऊन कोसळतो. म्हणून प्राझोसिन दिल्यावर रोग्याला आडवेच ठेवतात, पाणी पाजतात. काळजीने व्याकूळ झालेली आई मुलाला उचलून खांद्यावर घेते, आणि नेमके तेच करायचे नसते. ज्याला नुसती जागेवर आग होते आणि घाम-गारठा नाही, त्याला बहुधा या गोळीची गरजच नसते. तेव्हा 'शेतघरात असावी म्हणून' ती चिठ्ठीशिवाय आणून ठेवण्याचा उद्योग करू नये. डबीवर लाल रेघ असते ती याचसाठी.

गाडी येईपर्यंत काय करावे, हे थोडक्यात. ज्याला चावले त्याला चालू देऊ नये. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी किंवा जाड पुठ्ठा लावून तो हात किंवा पाय स्थिर ठेवावा. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढावेत. सूज चढल्यावर ते मांसात रुततात. दोरीने करकचून आवळू नये, चिरू नये, तोंडाने चोखू नये. सापाच्या मागे काठी घेऊन धावू नये. जमल्यास लांबून फोटो, नाहीतर तोही नको. चावल्याची वेळ लिहून ठेवावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी; ती लांब असेल तर मिळेल त्या वाहनाने जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. तेथे हे औषध विनामूल्य मिळते. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. शहरातल्या माणसाचा ओढा सरळ ठाण्याच्या किंवा मुंबईच्या नामांकित हॉस्पिटलकडे असतो. मुरबाडहून कल्याण तिसाएक किलोमीटर, त्यात सुटीच्या दिवसांतली रस्त्यावरची गर्दी. पहिल्या कुप्या जवळच्या ठिकाणी चढवून मग पुढे जाणे, हाच शहाणपणाचा मार्ग.

भगताकडे जाणाऱ्यांना आपण हसतो. मला ते हसणे पटत नाही. ज्याच्या पाड्यावर रात्री वाहन नाही, त्याच्यासाठी भगत हाच हाकेच्या अंतरावरचा माणूस. आणि विष उतरलेच नाही असे दंश पुष्कळ असल्यामुळे त्याला यशही मिळत राहते. कोणता बरा झाला असता आणि कोणता नाही, हे त्यालाही कळायला मार्ग नसतो. भगताने मंत्र म्हणता म्हणता गाडीचीही सोय करावी, एवढे जरी साधले तरी पुष्कळ जीव वाचतील. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातली बहुतेक खेड्यांत, घरीच. केंद्र सरकारने २०२४ साली आखलेल्या योजनेत २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरवले आहे.

रुग्णालयातून घरी आल्यावरही एक गोष्ट उरते. सातव्या-आठव्या दिवशी, सगळे विसरून माणूस कामाला लागल्यावर, अचानक ताप येतो, सांधे ठणकतात, अंगावर पुरळ उठते, गळ्यात-काखेत गाठी येतात. घरचे घाबरतात, की विष पुन्हा चढले. विष चढलेले नसते. घोड्याच्या प्रथिनाशी शरीराचे उशिरा सुरू झालेले हे भांडण असते, आणि त्यावर उपचार आहेत. फ्लू समजून दुकानातून गोळ्या आणू नयेत. रुग्णालयातून मिळालेला डिस्चार्जचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. आणि तो कागद पुढेही जपून ठेवावा. पुन्हा कधी पान लागले, तर गरज असेल त्यास औषध दुसऱ्यांदाही देतातच. फक्त या वेळी डॉक्टर सलाइनपाशी अधिक वेळ उभे राहतात.